लेखनिक

परीक्षेच्या दिवशी आमच्या शाळेतील एका स्वतंत्र खोलीत दहावीचा एक अंध विद्यार्थी तोंडाने उत्तरे सांगत असे व शेजारी बसलेला लेखनिक ती उतरवून घेत असे. ते पाहून खालच्या इयत्तेतील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, त्याला लिहिणाराही मिळतो आणि वेळही अधिक मिळतो. हा इतरांवर अन्याय नव्हे काय?"

मी म्हणालो, "बाळ, लेखनिक हात देतो, बुद्धी देत नाही. पदरचा एक शब्दही त्याने घालावयाचा नाही. उत्तर चुकले, तर गुण विद्यार्थ्याचेच जातात. प्रश्न ऐकणे, उत्तर सांगणे, लिहिलेले पुन्हा ऐकणे यांत जो वेळ खर्च होतो, तो त्याला भरून दिला जातो."

मुलांनो, ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व वाढीव वेळ यांची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातच आहे.

पुढील परीक्षेत तो मुलगा स्वतःच लेखनिक झाला. खोलीबाहेर येताच तो मला म्हणाला, "गुरुजी, मी केवळ लिहिले. उत्तरे सारी त्याचीच होती."