अगं, आधी ती पाटी नीट वाच

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. वाळूजच्या कंपनीतल्या बाईंनी भेट द्यायला पंचवीस हिमरू शाली ठरवायला तुझी वेबसाइट उघडली आणि समोर आली अडवल्याची पाटी. बघ, आधी चहा ठेव. दुधाला वास आला की पहिल्यांदा आपलं पातेलं हुंगायचं, गवळ्याशी भांडण नंतर.

त्या बाईंकडून स्क्रीनशॉट मागव. कुणाच्या फिल्टरनं अडवलं आणि कुठल्या प्रकारात टाकलं, हे बहुतेक वेळा त्यावर बारीक अक्षरांत असतं. 'शॉपिंग' असेल तर अर्ज-बिर्ज काही करू नकोस. कंपनीनं कामाच्या वेळात खरेदी बंद ठेवलीय आणि तुझं दुकानच आहे, खोटं काय त्यात! त्यांना म्हणावं, मोबाइल डेटावर उघडा. 'नवीन डोमेन' असेल तरी घाबरू नकोस. नाव घेऊन तुला महिनासुद्धा झाला नाही ना? नव्या सुनेच्या डब्याडब्यावर सासूची नजर असते, तसंच हे. पालो आल्टो कंपनीच्या फिल्टरमध्ये डोमेन 32 दिवस 'नवीन' धरलं जातं.

'फिशिंग' किंवा 'मालवेअर' असेल तर मात्र पदर खोच.

खरं सांगू का, माझ्यावर ही वेळ येऊन गेलीय. पैसे वाचवायला मी एक महागडी थीम कुठूनशी फुकटात उतरवून वेबसाइटला लावली होती. काही दिवसांनी गुगलवर 'साइट' लिहून कोलन दिला, पुढं माझ्या दुकानाचा पत्ता टाकला, तर रांगेनं जपानी अक्षरं! मी इतकी भोळी, मला वाटलं अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पाहुण्यांना माझ्या शाली आवडल्या. नवऱ्याला पेढेसुद्धा आणायला लावले. ती नकली ब्रँडेड मालाची पानं होती गं, चोरानं माझ्याच घरात थाटलेली. अशी पानं पुष्कळदा गुगलवरून येणाऱ्यालाच दिसतात, मालकिणीला सगळं स्वच्छ दिसतं. म्हणून 'माझ्याकडे तर नीट उघडतंय' असं म्हणून गप्प बसू नकोस.

साफसफाई आधी, विनंती नंतर. होस्टिंगवाल्याला सांगून चांगला बॅकअप चढवून घे, फुकटातली थीम आणि प्लगइन काढ, बाकीचं अपडेट कर, सगळे पासवर्ड बदल. ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर काढून टाक. मग व्हायरसटोटलवर तुझा पत्ता टाक. सत्तरहून जास्त तपासनीस तुझ्याबद्दल काय म्हणतात ते एकाच पानावर दिसतं. जो बोट दाखवतोय त्याच्याच दारात जायचं: फोर्टिगार्ड, सिस्को टालोस, ब्रॉडकॉमचं साइट रिव्ह्यू, ज्याचा त्याचा फॉर्म वेगळा आणि फुकट. 'पैसे द्या, सगळीकडून नाव काढतो' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हण. क्रोममध्येच लाल पान येत असेल तर ते गुगलचं. सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन तपासणीची विनंती कर. फिशिंगचं साधारण दिवसभरात कळतं, मालवेअरला काही दिवस लागतात, पण माझ्यासारखी जपानी पानं असतील तर काही आठवडेसुद्धा.

विनंतीत रडगाणं नको. माझ्या पहिल्या अर्जात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा होतं! तू साध्या इंग्रजीत चार ओळी लिही: हे हिमरू शालींचं दुकान आहे, अमुक तारखेला अमुक बिघाड सापडला, हे-हे काढलं, पुन्हा तपासा. एकदाच पाठव. रोज पाठवलंस म्हणून लवकर होत नाही. आणि घर झाडायच्या आधी पाठवलंस तर ते तपासतील, घाण तशीच दिसेल, पाटीही तशीच राहील.

नाव निघालं तरी त्यांच्या ऑफिसातल्या यंत्रात जुनी नोंद थोडा वेळ राहू शकते. दुसऱ्या दिवशी बाईंना पुन्हा उघडून बघायला सांग, नाहीच उघडलं तर त्यांच्या आयटीवाल्याला दोन ओळी लिही.

तुला हे जमेल गं. हिमरूत सूत आणि रेशीम कसं बसतं ते गिऱ्हाइकाला पटवून देतेस, मग हा एवढासा फॉर्म काय! ऊठ, स्क्रीनशॉट मागव. आणि शालींचे फोटो आत्ताच बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवून दे, त्यांना दिवाळीच्या आधी हव्यात.