झेरॉक्सच्या गाळ्यातली हवा

१. वासावरून धोका मोजता येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या गाळ्यांत नोट्ससाठी रात्रीपर्यंत गर्दी असते. यंत्र तापतं, ओझोनचा उग्र वास कोंडतो आणि सगळे त्यालाच दोष देतात. पण प्रती निघताना जे कण उडतात, त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान असतात. त्यांना ना वास, ना रंग. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोलवर उतरतात.

२. जनुकांना झालेली इजा दुखत नाही. कोइम्बतूर शहरात झेरॉक्स चालवणाऱ्यांच्या रक्तपेशी तपासल्या गेल्या. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की त्यांच्या डीएनएची मोडतोड इतरांपेक्षा जास्त होती. ते वाचलं आणि माझ्या झेरॉक्सच्या गाळ्यात दिवसभर यंत्राशेजारी उभी राहणारी पोरं डोळ्यांसमोर आली.

३. इजा म्हणजे आजार नव्हे, हेही तितकंच खरं. पेशी तुटलेला डीएनए सतत सांधत असतात. टोनरच्या काळ्या पावडरीतल्या कार्बन ब्लॅकला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ‘कर्करोगाची शक्यता आहे’ एवढ्याच गटात ठेवलंय. म्हणून मी पोरांना घाबरवत नाही. पण त्यांनी विचारलं तर टाळतही नाही.

४. कुणीतरी तपासलं की वस्तू सुधारते, याचा मला मोठा दिलासा वाटतो. 1980 साली शास्त्रज्ञांनी झेरॉक्स प्रतींचा अर्क जिवाणूंवर तपासला, तर त्यांच्या जनुकांत बदल झाले. मूळ सापडलं कार्बन ब्लॅकमधल्या नायट्रोपायरीन नावाच्या अशुद्धीत. मग उत्पादकांनी कार्बन ब्लॅक बनवण्याची रीत बदलली आणि ती अशुद्धी पुष्कळ घटली. आपल्याकडं स्वस्तात मिळणाऱ्या रिफिलच्या पावडरीत काय आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. मी विक्रेत्याकडं माहितीपत्रक मागतो. मिळत नाही, तरी दर खेपेला मागतो.

५. उपाय साधे आहेत, पण मालकाच्या मनावर आहेत. मोजक्या माणसांची छोटी दुकानं राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या आरोग्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहतात, आणि आमचे गाळे दोघा-तिघांवरच चालतात. एक्झॉस्ट पंखा बसवावा, यंत्राची गरम हवा माणसाच्या तोंडावर येऊ देऊ नये, सांडलेली पावडर ब्लोअरनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसावी, टोनर भरताना मास्क लावावा. दारही उघडं हवं, मग एसीचं बिल वाढलं तरी चालेल.