विहिरीचे पाणी : स्वच्छ दिसते, पण सुरक्षित आहे का?



'परिसर अभ्यास'मध्ये आपण पाण्याचे गुणधर्म शिकवतो. मुलं पाठ म्हणतात, "पाणी रंगहीन, गंधहीन असते." मग घरच्या विहिरीचं नितळ पाणी बघून ती 'हे चांगलं पाणी' असं ठरवून टाकतात. पण जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून 'स्वच्छ' आणि 'सुरक्षित' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मुलांच्या मनावर ठसवायला हवं.

१) आधी विहीर पाहा
कठडा, भोवतीचा सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याची नाली आहे का? शौचालयाचा शोषखड्डा किमान १५ मीटर (५० फूट) लांब हवा. भांडी-कपडे धुणं, गुरं धुणं विहिरीजवळ नको.

२) जंतूंची तपासणी
एचटूएस बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावा आणि २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा. पाणी काळं झालं, तर ते पिऊ नये. बाटलीच्या आत बोट लावू नका. टीसीएल टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका, कारण क्लोरीनमुळे निकाल चुकतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी करा.

३) रासायनिक तपासणी
ही प्रयोगशाळेत करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. लक्षात ठेवा : उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. नायट्रेट जास्त असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊच नका.

४) शुद्धीकरण : गणिताचा तास
विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर समजू.
३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर.
दर १००० लिटरला चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर सुमारे २.५ ग्रॅम. म्हणजे साधारण ७० ग्रॅम.

पावडर बादलीत कालवून १० मिनिटं ठेवा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका. तासाभराने ओटी चाचणी करा. पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर मात्रा कमी पडली. चाचणीचं पाणी ओतून द्या. हे काम मोठ्यांनीच करायचं. मुलांनी मोजमाप आणि नोंद करायची.

उपक्रम
'माझ्या घरचे पाणी' अशी वही करा. रकाने : तारीख, तपासणी, निकाल, काय केले. शेवटच्या रकान्यावर पालकांची सही घ्या. बाटली काळी झाली आणि हा रकाना कोराच राहिला, तर तपासणीचा उपयोग काय? तोपर्यंत घरात पाणी उकळूनच प्या.