‘बाई, मी बिबट्या पाहिला!’ – पाहणं आणि ओळखणं यातला फरक शिकवणारा एक पाठ



आजचा पाठ परिसर अभ्यासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग होता. शाळेच्या चारी बाजूंना ऊस. एका सकाळी परिपाठ चालू असताना वस्तीवरून येणारी एक मुलगी धापा टाकत आली. तिला आपण सुमन म्हणू, खरं नाव वेगळं आहे. म्हणाली, “बाई, मी बिबट्या पाहिला! बांधावर होता. मागून बसका होता आन् पाठीवर केसं होती.” मी घाईत होते. “अगं, कुत्रं असेल,” म्हणून मोकळी झाले. वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस सुमनने हात वर केला नाही.

चार दिवसांनी वनरक्षक दुसऱ्याच कामासाठी वस्तीवर आले होते. त्यांनी बांधाच्या ओल्या मातीतले ठसे पाहिले. नखांच्या खुणा स्पष्ट, पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा. म्हणाले, “हा बिबट्या नाही. तरस आहे.”

आता विचार करा. ‘मागून बसका आणि पाठीवर केस’ हे तरसाचं अगदी अचूक वर्णन आहे! सुमनने प्राण्याला नाव चुकीचं दिलं होतं, पण पाहिलं होतं बरोबर. मी नाव खोडताना तिचं निरीक्षणही खोडून टाकलं. ‘कुत्रं असेल’ हे माझं उत्तर तिच्यापेक्षा जास्त चूक होतं, कारण मी तर काहीच पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून हा पाठ मी बिबट्याऐवजी अमेरिकेतल्या कूगरवरून शिकवते. बिबट्याचं नाव काढलं की आमच्या मुलांना घरच्या गोष्टी आठवतात. कुणाची शेळी गेलेली असते, कुणाचा कुत्रा. मग वर्ग शांत डोक्याने विचार करत नाही. लांबचा प्राणी घेतला की ती भीती थोडी बाजूला राहते.

कूगर म्हणजे कोण?

कूगर, प्यूमा, माउंटन लायन ही सगळी एकाच प्राण्याची नावं. त्याचं शास्त्रीय नाव ‘प्यूमा कॉनकलर’. कॉनकलर म्हणजे एकरंगी. अंगावर ठिपके नाहीत, पट्टे नाहीत, सगळा मातकट पिवळसर. पिल्लांच्या अंगावर मात्र ठिपके असतात. शेपटी लांबलचक, जवळजवळ एकूण लांबीच्या एक तृतीयांश, आणि टोकाला काळी. हा वाघ-सिंहांसारखी डरकाळी फोडत नाही, उलट घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. हे सांगितलं की मुलं हमखास घुरघुरून दाखवतात. दोन मिनिटं घुरघुरू द्यावं.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगरांत कूगर टिकून राहिला. पूर्वेकडे आणि मध्य भागात मात्र बक्षिसं लावून त्याला मारलं गेलं, आणि त्याचं खाद्य असलेली हरणंही शिकारीने कमी झाली. मिशिगन राज्यातला शेवटचा ज्ञात रानटी कूगर १९०६ मध्ये न्यूबेरी गावाजवळ मारला गेला. पूर्वेला आज कूगरची प्रजनन करणारी वस्ती उरली आहे ती फक्त फ्लोरिडात.

पण ‘मी कूगर पाहिला’ म्हणणारी माणसं काही संपली नाहीत. त्यात शिकारी खूप. मिशिगन, विस्कॉन्सिनकडच्या खेड्यांत हरणांची शिकार म्हणजे आपल्याकडच्या जत्रेसारखीच. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी देतात! (आपल्या गावच्या यात्रेला स्थानिक सुट्टी देतो, तसंच.) हे शिकारी पहाटेच्या अंधारात झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास हलत नाहीत. जंगलातलं त्यांना बरंच दिसतं. पण दिसतं ते अर्धवट उजेडात, झुडपाआडून आणि दोन-तीन सेकंद.

ही माणसं सांगत होती, ‘कूगर पाहिला.’ वन्यजीव विभाग विचारत होता, ‘पुरावा काय?’ वर्षानुवर्षं हेच चाललं. लोकांना वाटायचं, विभाग लपवतोय. विभागानेच गुपचूप कूगर आणून सोडलेत अशाही अफवा उठल्या. बिबट्यांच्या बाबतीत अशाच गप्पा तुम्ही पारावर ऐकल्या असतील.

मग खरं कोण होतं?

इथे मी फळ्यावर दोन रकाने काढते. एकात ‘शिकारी बरोबर’, दुसऱ्यात ‘विभाग बरोबर’. मुलांना बाजू घ्यायला लावते. वर्गात चांगलीच भांडणं होतात. मग एकेक गोष्ट सांगत जाते.

पहिली गोष्ट कनेक्टिकट राज्याची, तिथे मुलांचा जीव सगळ्यात जास्त रमतो. हे राज्य न्यूयॉर्कच्या शेजारी, दाट वस्तीचं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने पूर्वेकडचा कूगर नामशेष झाल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला ग्रीनिच भागात लोकांना कूगर दिसला. आणि ११ जूनला मिलफर्डजवळच्या महामार्गावर एका गाडीच्या धडकेत खराखुरा कूगर मेला! नर, वजन सुमारे ६३ किलो.

आता हा आला कुठून? ‘कुणीतरी पाळलेला सुटला असेल,’ असं आधी वाटलं. मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, पाळलेला की रानटी हे तुम्ही कसं ठरवाल? उत्तरं भारी येतात. “गळ्यात पट्टा आहे का बघायचा.” “पोटात काय आहे बघायचं, पेडिग्री असेल तर पाळीव!” तपासणाऱ्यांनीही याच वाटेने विचार केला. नखं काढलेली नव्हती, नसबंदी केलेली नव्हती, ओळखीची चिप बसवलेली नव्हती, आणि कातडीखाली साळिंदराचे काटे सापडले. साळिंदर आमच्या मुलांना माहीत आहे, त्यामुळे पुढचं सांगावंच लागत नाही.

मग मोंटाना राज्यातल्या मिझुला इथल्या प्रयोगशाळेत त्याचा डीएनए तपासला. तो जुळला साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांतल्या कूगरांशी. एवढंच नाही, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये आधी गोळा केलेल्या विष्ठा-केसांसारख्या नमुन्यांशीही जुळला. म्हणजे हाच एकटा प्राणी वाटेत खुणा सोडत २४०० किलोमीटरहून जास्त चालत आला होता. मुंबईहून कोलकात्याला रेल्वेने साधारण २००० किलोमीटर होतात. त्याहून लांब, पायी!

इतका का चालला? कूगरचा तरुण नर आईला सोडून स्वतःचा इलाखा शोधायला निघतो. मादी सहसा जन्मभूमीच्या आसपासच राहते. त्यामुळे लांबवर पोचतात ते बहुतेक नर, आणि तिथे त्यांना जोडीदार मिळतच नाही. म्हणून वाट चालूच राहते. २००८ मध्ये असाच एक नर थेट शिकागो शहरात पोचला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचंही मूळ ब्लॅक हिल्समधलंच निघालं.

आता दोन्ही रकाने बघा. पूर्वेत कूगरची वस्ती उरलेली नाही, हे विभागाचं म्हणणं खरं होतं. ग्रीनिचमधल्या लोकांनी कूगर पाहिला, हेही खरं होतं. ‘इथे कूगर राहतात’ आणि ‘इथून एक कूगर गेला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या वर्गात हा फरक सगळ्यात आधी एका शांत मुलाच्या लक्षात आला होता. “बाई, आमच्या गावात हत्ती आला होता, पण आमच्या गावात हत्ती नाहीत.” यापेक्षा चांगलं उदाहरण मला टाचणात लिहिता आलं नसतं.

मिशिगनमध्येही २००८ पासून विभाग पुराव्यानिशी नोंदी मान्य करू लागला, जवळजवळ सगळ्या राज्याच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुला भागातल्या. बरेचसे पुरावे ट्रेल कॅमेऱ्यांचे. हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे शिकाऱ्यांनीच हरणांसाठी झाडांना बांधलेले असतात. म्हणजे ज्यांच्यावर विश्वास बसत नव्हता त्यांच्याच कॅमेऱ्यांनी काम केलं. आणि मार्च २०२५ मध्ये ऑन्टोनॅगन काउंटीत एका स्थानिक माणसाने दोन पिल्लांचे फोटो काढले. विभागाने ते तपासून खरे ठरवले. शंभराहून जास्त वर्षांत मिशिगनमध्ये कूगरची पिल्लं पहिल्यांदाच नोंदली गेली. पिल्लं म्हणजे मादी आली!

पण सगळेच बरोबर नसतात

ही बाजू सांगितली नाही तर मुलं ‘लोक म्हणतात ते खरंच असतं’ असा निष्कर्ष काढून घरी जातात. माझ्याकडे एकदा तसंच झालं होतं.

तिकडे अनेक जण शपथेवर सांगतात की त्यांनी काळा कूगर पाहिला. पण काळ्या कूगरची एकही खात्रीशीर नोंद जगात कुठेच नाही. काळे असतात ते बिबटे आणि जग्वार. आपल्याकडे कुणी काळा बिबट्या पाहिला म्हटलं तर ते शक्य आहे, ताडोबात त्याचे फोटो निघाले आहेत. वाक्य तेच, पण जागा बदलली की त्याचं वजन बदलतं.

दुसरी अडचण आकाराची. मोकळ्या गवतात मांजर बसलं असेल आणि शेजारी मापाला काही नसेल, तर फोटोत ते मोठं वाटू शकतं. त्यावर उपाय साधा आहे. फोटो घेतला त्याच जागी जाऊन, तिथूनच, माप माहीत असलेली काठी किंवा पुठ्ठ्याचा प्राणी ठेवून पुन्हा फोटो काढायचा. आम्ही हे शाळेच्या मैदानात दप्तर आणि फुटपट्टी घेऊन केलं. कंपासपेटी जवळ धरून काढलेल्या फोटोत ती मागच्या वर्गखोलीएवढी दिसते, हे पाहून मुलं थक्क झाली.

तिसरी गोष्ट जुने फोटो. पश्चिमेकडच्या राज्यातला कूगरचा फोटो ‘आपल्या काउंटीत काल रात्री’ म्हणून फिरतो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा बिबट्यासुद्धा एकाच आठवड्यात तीन तालुक्यांत फिरून येतो. पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी!

आणि माणसाच्या मनाचंही काही असतं. हे दाखवायला मी कूगर सोडून नेदरलँड्सची एक घटना सांगते. डिसेंबर १९७८ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातून एक लाल पांडा निसटला. वर्तमानपत्रांत बातमी आली. देशभरातून शंभरच्या आसपास लोकांनी तो दिसल्याचं कळवलं. प्रत्यक्षात तो संग्रहालयाजवळच मरून पडला होता. हे लोक खोटं बोलत नव्हते. बातमी वाचल्यावर त्यांना मांजर, कुत्रा, काहीही पांडाच दिसू लागलं.

हातात हत्यार असेल तर ही ओळख जिवावर बेतते. नोव्हेंबर २०२३ मध्ये विस्कॉन्सिनच्या बफेलो काउंटीत मचाणावर बसलेल्या एका हरिणशिकाऱ्याने बाणाने कूगर मारला. जिवाची भीती वाटली, असं त्याचं म्हणणं. त्या राज्यात कूगर संरक्षित आहे. यावर मी मुलांना निकाल द्यायला सांगत नाही, कारण मचाणावर मी नव्हते.

वर्गात काय करायचं?

पसरट ट्रेमध्ये चाळलेली ओली माती घ्या. मांजर आणि कुत्रा यांचे ठसे मुलांना घरून मोजून, चित्र काढून आणायला सांगा. मांजरकुळाचे प्राणी चालताना नखं आत घेतात, त्यामुळे ठशात सहसा नखं दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात. मांजरकुळात तळव्याच्या गादीची मागची कड तीन गोलाव्यांची असते. कूगरच्या पुढच्या पायाचा ठसा साधारण ८-९ सेंटिमीटर रुंद, घरच्या मांजराचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. पट्टी ठेवल्याशिवाय ठशाचा फोटो काढायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

एक सूचना मात्र कडक. मुलांनी ठसे शोधायला शेतात, ओढ्याकाठी एकट्याने जायचं नाही. संध्याकाळी तर नाहीच. बिबट्याची शंका आली तर मोठ्यांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

आमच्या वर्गात आता एक ‘दिसलं वही’ आहे. तिचे रकाने असे: केव्हा, कुठे, किती उजेड, किती लांब, काय काय दिसलं. ‘प्राण्याचं नाव’ हा रकाना मुद्दाम शेवटी ठेवलाय आणि तो रिकामा सोडायची परवानगी आहे. सुरुवातीला मुलांना रिकामा रकाना म्हणजे चुकलेलं उत्तर वाटायचं. लाल पेनाची सवय, दुसरं काय! मी रिकाम्या रकान्याला ‘छान’ शेरा द्यायला लागले तेव्हा कुठे ते सैलावले.

सुमन आता पाचवीत मोठ्या शाळेत गेलीय. जाण्याआधीची तिची शेवटची नोंद वहीत आहे: “पहाटे. गोठ्यामागं. उजेड थोडा. बैलगाडी उभी असते तिथून दोन गाड्या लांब. कान उभे, शेपूट झुपकेदार, पळताना वाकडं पळालं. ठसा मोजला नाही, आजीनं आत वढलं. नाव: –”