बिझनेस लेयरने 'नाही' कसं म्हणावं?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण सगळेच तीन चौकोन काढतो. वर प्रेझेंटेशन लेयर, मध्ये बिझनेस लेयर आणि खाली डेटा लेयर. सगळं सुरळीत चालू असतं तोवर हे चौकोन छान दिसतात. पण एरर आली की ती कोणी कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हे फार कमी जण आधी ठरवतात. या लेखात त्याबद्दलच थोडंसं.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. समजा, हॉस्टेलच्या रूम अलॉटमेंटची वेबसाइट बनवायची आहे. नियम दोनच: एका रूममध्ये तिघे, आणि फी भरल्याशिवाय बेड नाही. हे नियम सांभाळणं बिझनेस लेयरचं काम. स्क्रीन कशी दिसते किंवा खाली ओरॅकल आहे की मायएसक्यूएल, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसावं. आता 'बेड मिळाला नाही' याची कारणं तीन प्रकारची असू शकतात.

१) नियमात बसत नाही. रूम भरलेली आहे किंवा फी बाकी आहे. हा बिघाड नव्हे, हे उत्तर आहे! म्हणून त्याला 'रूम भरलेली', 'फी बाकी' असं स्पष्ट नाव द्यावं. त्या नावाचं एक्सेप्शन फेका किंवा रिझल्ट ऑब्जेक्ट परत करा, दोन्ही चालतं. मात्र पूर्ण प्रोजेक्टमध्ये पद्धत एकच ठेवा.

२) खरा बिघाड. डेटाबेस बंद पडला. इथे युजर काहीच करू शकत नाही. सगळे तपशील लॉगमध्ये लिहावेत, तेही एकदाच. प्रत्येक लेयरने तेच लिहिलं तर शोधणाऱ्याचे हाल होतात. युजरला फक्त 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' आणि एक संदर्भ क्रमांक द्यावा. स्टॅक ट्रेस स्क्रीनवर दाखवला तर आतली माहिती हॅकरला फुकटात मिळते.

३) कळलंच नाही. फी भरताना पेमेंट गेटवेचं उत्तर वेळेत आलं नाही. पैसे गेले की नाही? इथे 'पेमेंट फेल' लिहिणं म्हणजे चक्क खोटं बोलणं. मुलगा पुन्हा बटण दाबणार आणि घरून आलेले पैसे दोनदा कापले जाणार. म्हणून व्यवहार 'प्रलंबित' ठेवावा आणि गेटवेला विचारून खात्री करावी. प्रत्येक व्यवहाराला वेगळी की द्यावी, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी पैसे एकदाच कापता येतात.

काही जण एरर आली की उणे एक असा आकडा परत करतात. वरच्या लेयरने तो तपासला नाही, तर तोच खरा आकडा समजून काम पुढे जातं. याचं प्रसिद्ध उदाहरण वेबचं नाही, रॉकेटचं आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटची एक संख्या १६ बिटमध्ये बसवताना ओव्हरफ्लो झाला आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. तिने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती समजून वापरली! एरर आणि डेटा एकाच वाटेने पाठवले की असं होतं.

आता लेयर्सच्या सीमेवर काय करायचं ते पाहू. दोघांनी एकाच क्षणी शेवटचा बेड मागितला, तर तपासताना दोघांनाही तो रिकामाच दिसू शकतो. अशा वेळी रूम आणि बेड क्रमांकावरचा युनिक कन्स्ट्रेंट दुसऱ्याला अडवतो. पण ते एसक्यूएल एक्सेप्शन तसंच वर जाऊ देऊ नये. डेटा लेयरने त्याचं 'बेड आधीच दिला गेला' असं भाषांतर करावं आणि मूळ कारण सोबत जोडून ठेवावं. मग वेब लेयर एकाच ठिकाणी ठरवतो की यासाठी एचटीटीपी ४०९, डेटाबेस बंद असेल तर ५०३.

जावावाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्प्रिंगमध्ये डीफॉल्ट रोलबॅक रनटाइम एक्सेप्शनवर होतो, चेक्डवर नाही. 'फी बाकी' हे चेक्ड एक्सेप्शन केलं आणि त्याआधीच बेडची नोंद झाली असेल, तर ती नोंद कमिट होऊन बसते. आणि रिकामा कॅच ब्लॉक? तो तर कधीच नको. चूक तिथे मिटत नाही, नुसती लपते.

सबमिशनच्या आधी एवढं नक्की करून पाहा. भरलेली रूम मागा, डेटाबेस बंद करून फॉर्म भरा, आणि गेटवेचं उत्तर मुद्दाम उशिरा येऊ द्या. पुढे काय करायचं हे सांगणारी तीन वेगळी वाक्यं स्क्रीनवर आली, तर उत्तम. तिन्ही वेळा 'समथिंग वेंट राँग' आलं, तर समजा की काम अजून बाकी आहे.