घरी जोडलेल्या संगणकाचा खरा खर्च
सुटे भाग आणून घरीच संगणक जोडण्याच्या छंदाने अमेरिकेत १९७५ साली जोर धरला. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोतील ‘मिट्स’ ही कंपनी त्याचे भाग ४०० डॉलरांहून कमी किमतीस देऊ करीत होती. त्यातील ‘इंटेल ८०८०’ या प्रोसेसरचीच किरकोळ किंमत ३६० डॉलर होती. परंतु कंपनीचे प्रमुख एड रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदी करून तो ७५ डॉलरांना मिळविला. स्वस्ताईचे रहस्य हेच होते.

मात्र या किमतीत स्मृती मिळे ती अवघी २५६ बाइटांची. कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. खटके वरखाली करून आज्ञा द्यावयाच्या व दिव्यांवरून उत्तर वाचावयाचे. अधिक स्मृती आणि टेलीटाइप यंत्र जोडू लागताच खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट होई.

आज भागांना डाख देत बसावे लागत नाही. हिशेबाची रीत मात्र तीच आहे. प्रथम संगणकाचे काम ठरवावे, मग पडदा व कळफलक धरून सर्व भागांची बेरीज करावी. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांस जुळणारे असावेत. स्मृती मागाहून वाढविता येते, पेटी साधी चालते. परंतु वीजपुरवठ्याच्या भागात काटकसर करू नये. तो बिघडल्यास इतर भागही जळण्याचा संभव असतो आणि वाचविलेल्या पैशांहून अधिक हानी पदरी येते.