शाळा सुटल्यानंतरचे आयुष्य
(विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांची प्रौढ जीवनासाठी तयारी)

प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर बौद्धिक अक्षमता असलेले एखादे मूल असते. ते नियमितपणे शाळेत येते, ठरलेल्या जागी बसते, पोषण आहाराच्या वेळी सर्वांबरोबर जेवते आणि सायंकाळी घरी जाते. शिक्षक त्याच्याशी ममतेने वागतात, वर्गातील मुले त्याला सांभाळून घेतात; कोणाची काही तक्रार नसते. असे होता होता आठवी संपते, दाखला हाती पडतो आणि ते मूल घरी बसते. त्या दिवशी त्याला सदऱ्याच्या गुंड्या लावता येतात काय, दुकानातून साबणाची वडी आणता येते काय, परक्या माणसास आपले नाव-गाव सांगता येते काय, हे प्रश्न कोणी विचारलेले नसतात. वस्तुतः त्याच्या शालेय जीवनाचे फलित ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवावयास पाहिजे. पुढील सारे आयुष्य त्याला ह्याच गोष्टींच्या आधारावर काढावयाचे असते, आणि त्यांतील पुष्कळशी वर्षे आईवडिलांच्या पश्चात काढावयाची असतात.

ह्या लेखात मुख्यत्वे बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याचा विचार केला आहे. अंध, कर्णबधिर वा अस्थिव्यंग मुलांच्या गरजा निराळ्या असतात. तथापि पुढील तत्त्वांचा बराचसा भाग त्यांनाही लागू पडेल.

कायद्याने दिलेला हक्क

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. ह्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे, त्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत परिसरातील शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. अर्थात् आठवीच्या दाखल्याबरोबर ह्या मुलाचे शिक्षण संपत नाही. माध्यमिक शाळा, विशेष शाळा वा मुक्त विद्यालय ह्यांपैकी कोणता मार्ग त्यास मानवेल, ह्याचा विचार सातवीतच सुरू झाला पाहिजे. परंतु पुढील शाळेत गेल्यावर त्याचा निभाव लागेल अशी तयारी प्राथमिक शाळेतच व्हावयास हवी.

तत्त्व जुनेच आहे

हे काम विशेष शिक्षकाचे आहे, आपल्याला ते शास्त्र ठाऊक नाही, असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. ह्या बाबतीत इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी १९०० च्या सुमारास रोम येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये काम केले. इतार व सेगँ ह्या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला होता. ह्या कामातून त्यांना जे गवसले, त्याच पायावर १९०७ साली त्यांनी सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह उघडले. गुंड्या लावणे, पाणी ओतणे, पुसणे-झाडणे अशी जीवनव्यवहाराची कामे ही त्या पद्धतीची एक ओळख ठरली. आज बालवाडीत सर्वत्र दिसणाऱ्या ह्या रीतीचे मूळ अशा रीतीने ह्याच मुलांच्या शिक्षणात आहे. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हातांनी करावयाच्या उत्पादक कामाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकास हा विचार परका नाही. तोच येथे अधिक चिकाटीने अंमलात आणावयाचा आहे.

एक काम, अनेक पायऱ्या

समजा, चौथीतील एका मुलास जेवणानंतर स्वतःचे ताट धुण्यास शिकवावयाचे आहे. आपल्याला हे एकच काम वाटते. वस्तुतः त्यात सहा कामे आहेत: ताटातील उष्टे टाकणे, ताट नळाखाली धरणे, आतून घासणे, बाहेरून घासणे, विसळणे आणि पालथे घालून ठेवणे. सहाही पायऱ्या एकदम सांगितल्या तर मूल गोंधळते, आणि ‘ह्याला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून शेवटच्या पायरीपासून आरंभ करावा. पहिल्या पाच पायऱ्या शिक्षकाने त्याच्यासमोर कराव्यात आणि ताट पालथे घालण्याचे तेवढे त्याच्यावर सोपवावे. काम पुरे झाल्याचे समाधान त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्यास येते. ते जमले की विसळणे व पालथे घालणे अशा दोन पायऱ्या त्याच्याकडे द्याव्यात. अशा रीतीने मागून पुढे सरकावे.

मदतीलाही क्रम असतो. आरंभी हात धरून, नंतर नुसत्या खुणेने, नंतर एका शब्दाने, आणि अखेरीस काहीही न बोलता. मूल थबकले की शिक्षकाचा हात चटकन पुढे होतो. तो आवरणे हेच सर्वांत कठीण. सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजावेत, मगच मदत करावी. पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला मूल स्वतःच हात चालविते. एका वहीत तारीखवार टिपण ठेवावे: कोणती पायरी हात धरून झाली, कोणती शब्दाने, कोणती आपली आपण. ह्या वहीवरून मुलाची प्रगती दिसते, आणि मदत कोठे अकारण चालू राहिली आहे हेही दिसते.

पैसा, वेळ आणि वाट

कागदाच्या खोट्या नोटांनी वर्गात भरविलेले दुकान इतर मुलांना उपयोगी पडते. ह्या मुलास ते फारसे उपयोगी पडत नाही, कारण एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागू करणे हीच त्याची मोठी अडचण असते. त्याच्या हाती खरी नोट द्यावी व गावातील खऱ्या दुकानात त्यास न्यावे. हिशेब न येणाऱ्या मुलासही खरेदी शिकविता येते. दुकानदाराने २३ रुपये सांगितले, तर दहाच्या तीन नोटा द्यावयाच्या आणि उरलेले पैसे परत मिळेपर्यंत थांबावयाचे. प्रत्येक वेळी किंमतीच्या पुढचा दहा गाठावयाचा, एवढाच नियम. दुकानदाराशी आधी बोलून ठेवल्यास तोही ह्या शिक्षणात सहभागी होतो.

घड्याळ वाचणे न जमल्यास दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा व आठवडा बाजारच्या वारावरून आठवडा ओळखावयास शिकवावे. आपले नाव, गाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक पाठ नसेल तर त्याची चिठ्ठी खिशात बाळगावयाची व अडचण आल्यास ती दाखवावयाची सवय लावावी. भ्रमणध्वनीवर एक ठराविक क्रमांक लावण्यास पुष्कळ मुले शिकतात. एस.टी.च्या पाटीवरील अक्षरे वाचता आली नाहीत, तरी आपल्या गावाच्या नावाचा आकार ओळखता येतो आणि वाहकास विचारता येते.

वयास शोभेल असे

तेरा वर्षांच्या मुलास पहिलीच्या मुलांत बसवून मणी ओवावयास देणे योग्य नव्हे. त्याची आकलनशक्ती सहा वर्षांच्या मुलाएवढी असली, तरी त्याचे शरीर, त्याची लाज, त्याचा मान तेरा वर्षांचा असतो. मोजणी शिकवावयाची तर ती वर्गात वाटावयाच्या पुस्तकांवर शिकवावी.

ह्याच कारणासाठी वयात येण्याविषयीचे शिक्षण टाळून चालणार नाही. मुलींना मासिक पाळीची माहिती व स्वच्छतेची सवय ती सुरू होण्यापूर्वीच, शिक्षिकेने व आईने मिळून द्यावी. लहानपणी सर्वांना मिठी मारणारे मूल गोड वाटते. तेच मूल अठरा वर्षांचे झाले की लोक बिचकतात, रागावतात, प्रसंगी गैरफायदाही घेतात. म्हणून परक्यास नमस्कार करावयाचा, ही रीत पहिल्यापासून असावी. ‘शहाणे मूल’ म्हणजे सांगितलेले सर्व ऐकणारे मूल, ही कल्पनाही येथे धोक्याची आहे. ‘नको’ म्हणणे, तेथून निघून येणे आणि विश्वासातल्या माणसास सांगणे, हे तिन्ही शिकवावे लागते. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांखालील प्रत्येक बालकास लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२ पासून अस्तित्वात आहे; परंतु मुलास सांगता आले तरच त्याचा उपयोग. ‘नको’ म्हणण्याचा सराव साध्या निवडीतून होतो: आज कोणते गाणे, कोणता खेळ, कोणाशेजारी बसावयाचे. ज्यास कधीच काही निवडू दिले नाही, त्यास नाकारताही येत नाही.

कामाची सवय

घंटा देणे, हजेरीचे पुस्तक नेऊन देणे, परसबागेतील झाडांना पाणी घालणे ही कामे ह्या मुलाकडे अवश्य द्यावीत. वेळेवर आरंभ करणे, पुरे होईपर्यंत न सोडणे, अडल्यास विचारणे ह्या सवयी पुढे रोपवाटिकेत, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानातील पुड्या बांधण्यात वा घरच्या शेळ्यांच्या राखणीत सारख्याच उपयोगी पडतात. तथापि एक दक्षता घ्यावी. वाचनलेखनाच्या तासाला त्याला बाहेर धाडून पाणी भरावयास लावणे हे शिक्षण नव्हे. कामाची पाळी वर्गातील सर्व मुलांना असावी, आणि त्याची पाळी संपली की त्याचा पाट वर्गातच असावा.

पालकांशी विचारविनिमय

‘त्याला जमणार नाही, आणि मी केले की लवकर होते,’ असे माता म्हणते. शेतावर जाण्याची घाई असलेल्या माऊलीचे हे बोलणे खोटे नसते. तिला दोष न देता एका सत्रासाठी एकच काम ठरवून घ्यावे आणि शाळेत वापरतो तेच शब्द घरीही वापरण्यास सांगावे. ताट पालथे घालणारा मुलगा तिने एकदा पाहिला, की पुढचे बोलणे सोपे होते.

कागदपत्रांकडेही वेळीच लक्ष वेधावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, आधार आणि बँकेतील खाते हे सर्व प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी व्हावे. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ ठरते, आणि आईवडिलांचे पालकत्व त्यानंतर आपोआप चालू राहत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता ह्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. प्रत्येकास अशा पालकाची गरज असतेच असे नाही. जो आपले निर्णय थोड्या साहाय्याने घेऊ शकतो, त्याचे निर्णय त्यालाच घेऊ द्यावेत.

दाखल्याबरोबर द्यावयाचे टिपण

शाळा सोडताना दाखल्यासोबत दोन पृष्ठांचे एक टिपण मुख्याध्यापकांनी द्यावे. विद्यार्थी कोणती कामे एकट्याने करतो, कोणती साहाय्याने करतो, आपले म्हणणे कसे सांगतो, कशाची त्यास भीती वाटते, काय आवडते, एवढे त्यात असावे. ते लिहिताना विद्यार्थ्यास समोर बसवून विचारावे. पुढील शाळेस, आणि आईवडिलांच्या पश्चात जो कोणी त्याला सांभाळील त्यास, हे टिपण गुणपत्रिकेहून अधिक सांगेल. त्यात ‘एकट्याने करतो’ ह्या मथळ्याखाली लिहिण्याजोगे जितके अधिक, तितका त्या शाळेने त्याला अधिक दिले असे समजावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील अशा एका विद्यार्थ्यासाठी दररोज इतरांकडून केली जाणारी कामे कोणती? त्यांतील कोणते एक काम त्यास ह्या सत्रात शिकविता येईल?
२. त्या कामाच्या पायऱ्या पाडा. शेवटच्या पायरीपासून शिकविण्याची योजना गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांच्या साहाय्याने तयार करा.
३. आपल्या गावात हा विद्यार्थी प्रौढपणी कोणती कामे करू शकेल? ती कामे करणाऱ्या दोन ग्रामस्थांची भेट घेऊन परिषदेत माहिती द्या.